अकराची रात्र

छत्तीसगडच्या नव्या राजधानीतल्या त्या भल्यामोठ्या सरकारी इमारतीच्या मागे जनरेटरची खोली होती आणि धर्मपाल रामटेके तिथे ड्युटी करायचा. लाईट गेली की दहा सेकंदांत मशीन चालू करायची, एवढंच त्याचं काम. लाईट गेलीच नाही तर दिवसभर बसून राहायचं, आणि बाप्पा, ते काम जास्त अवघड. तिथले ड्रायव्हर, गार्ड, चपराशी सगळे त्याला ‘बरफ भैया’ म्हणत. कारण एक्याण्णव सालचा अख्खा हिवाळा हा माणूस अंटार्क्टिकावर, आपल्या देशाच्या ठाण्यावर, डिझेल मेकॅनिक म्हणून काढून आला होता. सरकारी वर्कशॉपात एक परिपत्रक आलं होतं, याने हौसेने नाव दिलं आणि नाव लागलं. अख्ख्या रायपुरात असा दुसरा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

पण लोकांचं कौतुक ते किती दिवस पुरणार? पेंग्विन विचारून झाले, थंडी विचारून झाली, तिथे आंघोळ कशी करत होता हेही विचारून झालं. राहता राहिला अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसतो तो उजेड. धर्मपालला बोलायचं असायचं ते त्याच्याचबद्दल, आणि चहाच्या टपरीवर नेमका तोच विषय निघाला की कोणीतरी डोळा मारायचा.

“भैया, ये अरोरा कौन?”

“अरे वही, तेलीबांधावाला! कपड़े की दुकान है उसकी.”

की सगळे खो-खो हसत सुटायचे. हसा लेको! धर्मपालही हसायचा. दुसरं करणार काय?

तरी एखादा खरंच ऐकणारा भेटला की गडी सुरू व्हायचा. सूर्यातून सारखा एक वारा सुटलेला असतो, म्हणायचा. हवेचा नाही, विजेच्या कणांचा. आपली पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबक. तो वारा या चुंबकाच्या पसाऱ्याला रात्रीच्या बाजूला लांबच लांब शेपटासारखं ओढून ठेवतो. त्या शेपटातले कण चुंबकाच्या रेषा धरून ध्रुवाकडे खाली उतरतात, वाटेत त्यांना विजेचा जोराचा धक्का बसतो, आणि जमिनीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर विरळ हवेत ते धाडकन आदळतात. हवा जळत नाही. ट्यूबलाईटमधला वायू उजळतो तशी उजळते. तिथला ऑक्सिजन हिरवा दिसतो. दोनशे किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ की तोच ऑक्सिजन निवांतपणे लाल उजळतो. आणि कण फार जोरात, फार खोलवर घुसले तर खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी किनार येते.

पण रंगांचं कौतुक सगळेच करतात. धर्मपालला वेड होतं कमानीचं. पहिल्यांदा दिसते ती कमान: क्षितिजावर, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, शेकडो किलोमीटर लांब आणि जाडीला कधीकधी जेमतेम एक किलोमीटर. तासभर म्हणून हलत नाही. मग कळेल न कळेल अशी वर सरकू लागते. तिकडे शेपूट ताणलं जात असतं, त्याची ही खूण. ताण सोसवेनासा झाला की शेपूट मध्येच तुटतं, कणांचा लोंढा उलटा पृथ्वीकडे सुटतो, आणि ती शहाण्या मुलीसारखी बसलेली कमान एकाएकी भडकते. तिला घड्या पडतात, वळ्या पडतात, ती पळते, फाटते, आणि पहाटेकडे नुसते लुकलुकणारे ठिपके उरतात.

हे सगळं त्याला शिकवलं दिवाकर सरांनी. ते ठाण्यावरचे शास्त्रज्ञ. पहिल्या दिवशी ते कमानीला ‘आर्क’ म्हणाले तेव्हा धर्मपालला वाटलं वेल्डिंगचं काम निघालं. तो काळी काच शोधायला निघाला होता. सर पोट धरून हसले. मग म्हणाले, “धर्मपाल, तू जनरेटर बघायला दर तासाला बाहेर निघतोस. माझा कॅमेरा आहेच, पण डोळ्याची सर कॅमेऱ्याला नाही. एक वही ठेव. तारीख, वेळ, काय दिसलं. एवढंच.”

एवढंच! नऊ महिने त्याने ती वही लिहिली. हातमोज्यातून बोटं बाहेर काढायची म्हणजे बोटांची आशा सोडायची, अशी तिथली थंडी. परत यायच्या वेळी जहाजाच्या गडबडीत वही याच्याच पेटीत राहिली. सर म्हणाले, “राहू दे, सांभाळून ठेव. मी मागवून घेईन.”

बावीस वर्षं झाली, कोणी मागवली नाही.

आता कोणी म्हणेल, नाही मागवली तर नाही मागवली, एक वहीच ती! पण धर्मपालसाठी ती नुसती वही नव्हती. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात त्या वर्षाची किंमत मोजलेली होती आणि ती मोजली होती त्याच्या बायकोने, अंजनाबाईने.

तो तिकडे असतानाच, जुलै महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, त्यांची मुलगी गेली. मीरा, चार वर्षांची. मेंदूत ताप चढला, तीन दिवस सरकारी दवाखान्यात होती. मुलाला, सात वर्षांच्या यशदीपला, शेजाऱ्यांकडे ठेवून अंजनाबाई एकटी तिच्या उशाशी बसली होती. धर्मपालला निरोप पोचला चार दिवसांनी: मुलगी बारा जुलैला पहाटे वारली. जहाज डिसेंबरच्या आधी येणार नव्हतं. समुद्रच गोठलेला, तिथे रजेचा अर्ज कोणाकडे करणार?

निरोप हातात घेऊन त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर वही उघडली. बारा जुलैचं पान. त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: आभाळ मोकळं. काही नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये तो घरी आला. अंजनाबाईने पाणी दिलं, पिशव्या आत घेतल्या, आणि एकच गोष्ट विचारली.

“त्या राती तुमी काय करून राहिले होते?”

“काहीच नाही, अंजना,” तो म्हणाला. “आभाळात काहीच नोतं. मी बी अंधारातच होतो.”

ती खाली बसली आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासमोर मोकळी रडली. त्यानंतर संसार चालला तो या एका वाक्यावर. ती त्याला कधी टाकून बोलली नाही. शेजारणींनी धर्मपालला नावं ठेवली की म्हणायची, “त्याइच्या बी डोळ्यापुढं अंधारच होता हो बाई.” फक्त मीरा कधी गेली म्हटलं की ती ‘अकराच्या राती’ म्हणायची आणि हा लगेच सुधारायचा, “अकरा नाही अंजना, बारा. कागदावर बारा आहे.” पुढच्या वेळी ती पुन्हा अकराच म्हणायची.

पण वहीबद्दल तिने कधी अवाक्षर विचारलं नाही. आणि धर्मपालला तर एकच हवं होतं: एकदा तरी कोणी मोठ्या माणसाने येऊन तिच्यासमोर म्हणावं की ही वही कामाची आहे. म्हणजे पोरगी गेली ती गेलीच, पण बाप जिथे होता तिथे नुसता उंडारत नव्हता, हे तिला दिसेल. ते वर्ष फुकट गेलं नाही, एवढं एकदा सिद्ध व्हावं.

यशदीपला सांगितलं की तो हिंदीत हात झटकायचा. “पापा, नेट पे हजारों फोटो पड़े हैं. आपकी कॉपी कौन पढ़ेगा?”

आणि अहो, एक दिवस फोन आला! पुण्याहून. मंजिरी नावाची संशोधक मुलगी बोलत होती. दिवाकर सर वारले होते. त्यांच्या कपाटात तिला एक चिठ्ठी सापडली होती: ‘रामटेकेची वही मागवणे.’ आणि त्या हिवाळ्यातल्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फिल्म्स गोदामात पाणी शिरून चिकटून गेल्या होत्या. पृथ्वीच्या चुंबकातली हालचाल टिपणाऱ्या यंत्राची नोंद शाबूत होती, पण त्या वेळी आभाळात कमानी कशा होत्या, हे सांगणारं जगात दुसरं काही उरलं नव्हतं.

“काका, तुमची वही हाच एक पुरावा आहे,” ती म्हणाली. “मी येऊ का?”

धर्मपाल फोन ठेवून तडक स्वयंपाकघरात गेला. “अंजना, पुण्याहून येऊन राहिली ती! वहीसाठी!” अंजनाबाई फोडणी देत होती. तिने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी, आणि म्हणाली, “मंग चांगले कप आणून ठेवा. आपल्या कपाचे कान तुटले आहेत.” तो त्याच संध्याकाळी गोल बाजारातून सहा कप घेऊन आला. जाताना स्कूटरवर गाणं गुणगुणत होता म्हणे.

मंजिरी रविवारी दुपारी आली. तिशीची असेल, साधी, बोलायला गोड. वही हातात घेतली आणि पहिली दहा पानं वाचून तिचा चेहरा असा उजळला की धर्मपालला वाटलं, झालं, जिंकलो!

“काका, हे ‘दीड वीत, तीन बोटं’ काय आहे?”

“हात लांब करून मोजलं ना मॅडम. क्षितिजापासून कमानीपर्यंत किती वीत भरते ते. सर म्हणे, माप पाहिजे. आता मापाचं यंत्र मी कोठून आणू?”

“अहो, किती छान! तुमच्या हाताचं माप घेतलं की मला सगळे कोन काढता येतील.” आणि तिने खरंच पिशवीतून टेप काढून त्याची वीत मोजली, खांद्यापासून तळहातापर्यंतचा हात मोजला. धर्मपाल लग्नाच्या सुटाचं माप देणाऱ्या नवरदेवासारखा ताठ उभा राहिला. अंजनाबाई दारातून बघत होती. तिच्या तोंडावर हसू आलं होतं, खोटं कशाला सांगा.

मग मंजिरी पुढची पानं उलटू लागली. जूनपाशी थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली.

“काका, चोवीस जूनची दोन पानं आहेत. आणि दोन जुलै नाहीच.”

“असं का? राहून गेलं असंन.”

“तुम्ही तारीख कधी बदलायचात?”

“म्हणजे?”

“नवीन तारीख कधी लिहायचात? रात्री बारा वाजता?”

धर्मपालला प्रश्नच कळेना. “बारा वाजता काहून? उठल्यावर. झोपून उठलं की दुसरा दिवस.”

मंजिरीने पुन्हा वहीकडे पाहिलं. तीही मराठी घरातली. तिला लगेच समजलं. आपल्याकडे रविवारी रात्री दोन वाजता म्हटलं तर ती रविवारचीच रात्र. घड्याळ काही म्हणो, माणूस झोपून उठत नाही तोवर दिवस बदलत नाही. तेवढंच असतं तर तिने मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या नोंदी एक दिवस पुढे ढकलल्या असत्या आणि काम भागलं असतं. पण तिथे मे अखेरपासून जुलै अखेरपर्यंत सूर्य उगवतच नव्हता.

“आणि झोप कधी व्हायची, काका?”

“तिचा काय नेम? ड्युटी पलटत राहे. कधी सकाळी झोपलो, कधी संध्याकाळी. कधी दोनदा झोप होऊन जाये. बाहेर तर सारखी रातच.” तो हसत सांगत होता आणि सांगता सांगता त्याचं हसू जात चाललं होतं. “मंग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे ध्यान गेलं की समजे, एक दिवस पुढं गेलो का मागं राहिलो. मंग दुरुस्त करत होतो.”

“दुरुस्त केल्याची खूण?”

“खूण नाही केली.”

“जनरेटरचं लॉगबुक कुठे मिळेल?”

“ते तर कधीच रद्दीत गेलं असंन.”

मंजिरीने पेन खाली ठेवलं. बिचारी फार वाईट वाटून सांगत होती. त्या अंधाराच्या दोन महिन्यांतच सगळ्यात जास्त आणि सगळ्यात सुंदर कमानी होत्या, आणि त्यातली कोणती नोंद कोणत्या तारखेची हे आता कोणालाही सांगता येणार नव्हतं. कमान कधी सरकली आणि यंत्राचा काटा कधी हलला, हे शेजारी शेजारी ठेवायचं म्हणजे दोघांच्या तारखा पक्क्या हव्यात. काटा बघून वहीच्या तारखा लावल्या तर मग वही काट्याची साक्ष कशी देणार? ती त्याचीच री ओढणार.

“म्हणजे कामाची नाही?” धर्मपालने विचारलं.

“काका, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, त्यात शंका नाही. पण शोधनिबंधात मी हे वापरू शकत नाही. मला माफ करा.”

इथेच ती उठून गेली असती तरी चाललं असतं. बावीस वर्षांची आशा गेली होती, तेवढं एका दुपारला पुरे होतं. पण म्हाताऱ्या माणसाला नीट समजावं, आपण उगाच नाकारतोय असं वाटू नये, म्हणून त्या गुणी पोरीने एक उदाहरण दाखवायचं ठरवलं. यंत्राच्या नोंदीचा कागद तिने वहीशेजारी पसरला. अंजनाबाई नव्या कपांतून चहा घेऊन तेवढ्यात आत आली होती.

“हे बघा. त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं चुंबकी वादळ. एकच होतं, त्यामुळे हे पान तेवढं ओळखता येतं. काटा अकरा जुलैच्या रात्री साडेनऊला हलला आणि बाराच्या पहाटे पाचपर्यंत शांत झालाच नाही. तुम्ही हे सगळं अकराच्या पानावर लिहिलंय. मध्यरात्रीनंतरचंसुद्धा. आणि बाराच्या पानावर ‘काही नाही’, ते खरं म्हणजे नंतरच्या रात्रीचं.”

“अकराची रात्र?” अंजनाबाईने विचारलं. ट्रे तिच्या हातातच होता. “कोणत्या महिन्याची, बेटा?”

“जुलै, काकू.”

“बाराची पहाट त्यातच आली?”

“हो, तीच रात्र.”

धर्मपालच्या आता लक्षात आलं. तो घाईघाईने म्हणाला, “राहू द्या मॅडम. चहा घ्या. थंडा होऊन राहिला.” आणि वहीवर हात ठेवला.

“काढा हात,” अंजनाबाई म्हणाली. तिने ट्रे खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. “वाच बेटा. मले वाचून दाखव. पूर्ण.”

मंजिरीला काहीच ठाऊक नव्हतं. काकूंना शेवटी उत्सुकता वाटली, असं समजून तिने मोठ्याने वाचलं.

“अकरा जुलै. रात्री साडेनऊ, दक्षिणेला एक कमान, एक वीत वर. हिरवी. स्थिर. अकरा वाजता दीड वीत. तिच्याखाली दुसरी कमान. साडेबारा, दोन वीत चार बोटं. पावणेएक, पहिली कमान एकदम भडकली, खालची कड गुलाबी. वळ्या पडत पश्चिमेकडे पळाली. सगळं आभाळ हललं. डोक्यावर मुकुटासारखं झालं, तिथून चहूकडे किरणं. मी ओरडलो. सगळ्यांना उठवून बाहेर आणलं. बर्फात नाचलो. तीन वाजता ठिपके, लुकलुकतात. झोपावंसं वाटत नाही. एवढा आनंद कधी झाला नाही. आज जन्माला आल्याचं सार्थक झालं.”

तिने वर पाहिलं. दोघांचे चेहरे पाहून तिला एवढं कळलं की आपल्या हातून काहीतरी मोठं मोडलं आहे. काय, ते विचारायचा धीर झाला नाही. चहा अर्धा ठेवून, नमस्कार करून ती निघाली. वही तिने नेली नाही. न्यायचं कारणच उरलं नव्हतं.

दार लागल्यावर धर्मपालने वही मिटली. मग म्हणाला, “अंजना, आईची शप्पथ, मले माहीत नोतं. मी बाराचं पान पाहिलं. मी खोटं नाही बोललो.”

“हव,” ती म्हणाली. “तुमी खोटं नाही बोलले.”

“मले जर माहीत असतं...”

“काय केलं असतं? नाचले नसते?” तिचा आवाज चढला नाही. “नाचले तर नाचले. तुमाले कोठं माहीत होतं? मी तुमाले दोष देऊन नाही राहिली.”

“मंग?”

तिने मंजिरीचा अर्धा चहा उचलला, दुसरे कप गोळा केले, आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर धर्मपालला बरं वाटलं असतं.

“मीराच्या उशाशी त्या राती मी होती आणि तिकडं दूर, अंधारात, तुमी होते,” ती म्हणाली. “असं समजूनच मी इतके वर्सं काढले. आता पहाते तं तिथं कोणीच नोतं. मी एकटीच होती.”